पहाऱ्यावरचा माणूस

बच्छावनाना कुणाच्याही घरात शिरले की आधी खिडकी उघडत. राम राम, ख्यालीखुशाली, सगळं मागून. सिल्वासात टोकरखाड्याच्या कॉलनीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामान अजून टेम्पोतून उतरत होतं, आणि पांढऱ्या मिशांचा एक उंच माणूस सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरला. रंगाने चिकटून बसलेल्या खिडकीला त्याने दोन गुद्दे लगावले, ती उघडली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "राम राम बाई. मी शेजारचा. हवा खेळती पाहिजे." मी चिपळूणची. आमच्याकडे परका माणूस पडवीत बसतो, पाणी मागतो, मग बोलतो. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे हसू दाबत टेम्पोवाल्याशी बोलायला निघून गेले.

पुढे कळलं की हे फक्त आमच्याच नशिबी नव्हतं. बँकेत एसी चालू असताना नानांनी काचेचं दार खुर्ची लावून उघडं ठेवलं होतं आणि मॅनेजरशी तीन भाषांत भांडले होते. खानवेलच्या बसमध्ये भर पावसात त्यांनी खिडकी सरकवली, तेव्हा मागच्या बाकावरच्या बायकांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नाना ढिम्म. "भिजलं तर वाळतं," म्हणाले. ह्यांनी एकदा थट्टा केली, "नाना, अशी दारं-खिडक्या सताड ठेवता, एक दिवस चोर शिरेल." त्यावर नाना म्हणाले, "येऊ दे ना भो. आठे काय शे?" म्हणजे इथे आहेच काय! लाडात किंवा रागात असले की ते आपल्या अहिराणीत शिरत. आणि मग ठरलेलं वाक्य यायचं: "तंबू असो का संसार, एक फट ठेवायचीच."

नाना मूळचे सटाण्याकडचे. फौजेत उमेदीची वर्षं गेली, तिथून सुटल्यावर सिल्वासात एका सूतगिरणीच्या गेटवर सुरक्षा सुपरवायझर झाले, आणि तिथूनही निवृत्त होऊन आता कॉलनीवर पहारा करत होते. बायको लवकर गेलेली, मुलगा पुण्यात. एकटे राहायचे, स्वतः रांधायचे, आणि संध्याकाळी कंपाउंडमधल्या सिमेंटच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हुकूम सोडायचे. गुजराती शेजाऱ्याला "केम छो शेठ, गाडी बराबर लगाओ", बिहारी कामगाराला "अरे भाई, नळ बंद कौन करेगा, मना आजा?", आणि मला "ओ बाई, पोरांना शिकवा जरा, जिना म्हणजे मैदान नाही." नम्र वगैरे अजिबात नव्हते. आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरची भांडी हलावीत.

आणि गोष्टी! सीमेवरच्या गोष्टी सांगायला बसले की पोरंटोरं, बाया-बापे, भाजीवाला, सगळे गोळा. अंडं हातोडीने फोडावं लागे, कांदा दगडासारखा व्हायचा, मिशीवर बर्फ धरायचा. यातलं किती खरं आणि किती नानांच्या पदरचं, कोण तपासायला जाणार? पण एक गोष्ट मात्र ते उभं राहून सांगत. भिकाची.

भिका सोनवणे त्यांचा जोडीदार. शेजारच्या गावचा, एकाच भरतीत लागलेला. दोघांचा तंबू एक. "रात्र अशी," नाना सांगायचे, "की थुंकी खाली पडायच्या आधी गोठावी. मी तंबूत, भिका पहाऱ्यावर. माझी पाळी आली तसा मी उठून बाहेर गेलो. म्हटलं, भिका, जा, झोप आता. भिका बोलेना. बंदूक खांद्याला, डोळे समोर. हात लावला, तर लाकूड. उभ्या उभ्या गेला हो. पहारा नाही सोडला पठ्ठ्यानं." इथे नाना थांबत, आणि कॉलनीतला एखादा तरी माणूस डोळे पुसायचा. मीही पुसलेत, दोन-तीनदा.

ही गोष्ट सांगताना कधी कधी समोर भिकाची बायकोच बसलेली असे. कमलताई. सिल्वासातल्याच आमली भागात एका खोलीत राहायच्या, नानांनीच त्यांना सूतगिरणीत पॅकिंगला लावून दिलं होतं. पेन्शन होती, पण गावात एकट्या बाईने लहान पोर घेऊन राहणं नको झालं, तेव्हा नानांनीच त्यांना इकडे आणलं. पोर मोठी झाली, लग्न होऊन वापीला गेली. कमलताई बारक्या अंगाच्या, तुरुतुरु चालणाऱ्या, बोलायला कमी. दर राखीपौर्णिमेला कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन यायच्या, नानांना राखी बांधायच्या, आणि नानांसारखा माणूस त्या दिवशी आवाज न करता जेवायचा. भिकाची गोष्ट ऐकताना त्या कधी रडल्या नाहीत. उलट आणखी ताठ बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "दादा नसते तर मला कळलंच नसतं हो बाई, ते कसे गेले ते. कागदावर नुसतं कर्तव्यावर असताना, एवढंच होतं."

मी शाळेत मराठी शिकवते. आमच्या वर्गात मराठी घरात बोलणारी मुलं थोडी. गुजराती, हिंदी, ओडिया, वारली, सगळा मेळा. अशा मुलांकडून निबंध लिहून घेणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, म्हणून माझा सगळा भर चित्रवर्णनावर. समोर चित्र ठेवायचं, काय दिसतं ते लिही म्हणायचं. आधी पुढचं, मग मागचं, मग चित्रातला भाव. शब्द अडला तर शेजारच्याला विचार, पण डोळे चित्रावर ठेव. निम्मी मुलं यावर तरून गेलीत.

तर त्या वर्षी एका कंपनीने शाळेच्या हॉलसाठी एक मोठं तैलचित्र भेट दिलं. सीमेवरचा लष्करी तळ, रात्रीची वेळ. निळाकाळा डोंगर, वर अर्धा चंद्र, खाली बर्फात ओळीने तंबू. तंबूंची तोंडं घट्ट बांधलेली आणि प्रत्येकाच्या कापडातून आतला पिवळा-नारिंगी उजेड झिरपतोय. पुढे, जरा एका बाजूला, पहाऱ्यावरचा एक जवान पाठमोरा उभा. खांद्यांवर बर्फ, हातात बंदूक. चेहरा दिसत नाही. चित्र सुरेखच होतं, बघत राहावं असं. मी लगेच मुख्याध्यापकांना म्हटलं, सव्वीस जानेवारीला यावरच चित्रवर्णन स्पर्धा घेऊ. आणि परीक्षक? बच्छावनाना! त्यांच्याइतका हक्काचा परीक्षक अख्ख्या सिल्वासात सापडला नसता.

मुलांना मी चित्र समजावून दिलं ते अगदी रंगून. आत ऊब, बाहेर गारठा. आतले निश्चिंत झोपलेत, कारण बाहेर कुणीतरी जागा आहे. जवानाचा चेहरा दिसत नाही, कारण तो कुणा एकाचा चेहरा नाही, प्रत्येक जवानाचा आहे. हे शेवटचं वाक्य मला फारच आवडलं होतं. मुलांनाही आवडलं असावं, कारण बहुतेकांनी ते जसंच्या तसं उतरवलं. उतरवलं नाही ते रिंकूने. रिंकू म्हणजे वर्गातली नंबर एकची वांड मुलगी, घरात हिंदी, मराठी मोडकंतोडकं. तिने लिहिलं होतं: "तंबूत सगळे गरम गरम झोपले. एक फौजी बाहेर उभा. त्याला शिक्षा दिली. तो तोंड दाखवत नाही कारण त्याला लाज येते." मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं तेव्हा पोट धरून हसलो आम्ही.

नाना पेपर तपासायला आले. मी त्यांना हॉलमध्ये चित्रासमोर खुर्ची दिली, गठ्ठा दिला आणि तासाला गेले. परत आले तर गठ्ठा मांडीवर तसाच, आणि नाना चित्राकडे बघत बसलेले. हॉलच्या सगळ्या खिडक्या अर्थातच उघडलेल्या.

"नाना, आवडलं का चित्र?"

"हे दिवे का पेटलेत?"

"ऊब दाखवायला. चित्रकार रंगांनी तसं सुचवतात."

"आणि तोंडं का बांधलीत तंबूंची? सगळ्याच?"

"अहो, थंडी नाही का बाहेर!"

"हं," नाना म्हणाले. आणि पुन्हा चित्राकडे बघायला लागले. मला वाटलं, भिकाची आठवण आली असणार. मी हळूच म्हटलं, "हा पहाऱ्यावरचा बघून भिकाभाऊ आठवले ना?" नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिव्याच घातल्यात. मग गठ्ठ्यातून एक कागद ओढला आणि माझ्या हातात दिला. "पहिला नंबर."

बघते तर रिंकू! म्हटलं, "नाना, अहो या पोरीला चित्रच कळलं नाहीये. जवानाला शिक्षा कुठली? मराठीपण धड नाही."

"परीक्षक कोण? तुम्ही का मी?"

"तुम्ही."

"मग झालं." आणि काठी टेकत निघाले. मी मनात म्हटलं, म्हातारपणी माणसं लहर करतात, करू दे.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, हॉलमध्ये कार्यक्रम सुरू झाला. कमलताई पहिल्या रांगेत. शाळा दरवर्षी त्यांना बोलावते, गुच्छ देते, त्या गुच्छ मांडीवर धरून ताठ बसतात. बक्षिसं जाहीर झाली. रिंकूचं नाव ऐकून पहिला धक्का रिंकूलाच बसला, ती दोनदा "मैं?" म्हणाली. मी तिचं वर्णन वाचून दाखवलं, आणि "शिक्षा दिली" आल्यावर हॉल खदखदून हसला. मुख्याध्यापकांना वाटलं, हे काहीतरी सावरायला हवं. ते माइकवर म्हणाले, "नानांनी हा क्रमांक का निवडला, ते त्यांनीच आपल्याला सांगावं, अशी मी त्यांना विनंती करतो."

नाना उठले. माइककडे गेले नाहीत, चित्राकडे गेले. पाठमोऱ्या जवानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा मी आहे."

बस्स. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका. पीटीच्या सरांनी घोषणा दिली, मुलांनी छप्पर डोक्यावर घेतलं. नाना हात हलवून "नको, नको" करत होते. ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. टाळ्या थांबेपर्यंत त्यांचं अवसान गेलं असावं. ते येऊन खुर्चीत बसले आणि खाली बघत राहिले. मला वाटलं, भारावले. सगळ्यांनाच तसं वाटलं.

फक्त एका बाईला तसं वाटलं नाही.

कार्यक्रमानंतर पाहुण्यांना स्टाफरूममध्ये चहा-समोसे होते. बाकीचे फोटो काढायला बाहेर राहिले, आत नाना, कमलताई आणि किटली घेऊन मी. नानांनी आत येऊन खिडकी उघडली आणि तिथेच उभे राहिले. कमलताईंनी बशी खाली ठेवली.

"दादा, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही तर तंबूत होतात ना? पहाऱ्यावर ते होते. मग तो तुम्ही कसे?"

मी तिथून निघायला हवं होतं. पण ती खिडकी दाराला लागूनच, माझ्या वाटेत नाना उभे होते, आणि खरं सांगायचं तर पाय उचलला नाही. नाना मागे वळले. एवढा मोठा माणूस, पण चोरी सापडलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"बस ताई," ते म्हणाले. त्या बसलेल्याच होत्या.

"पहारा माझा होता," नाना म्हणाले. "तंबूत भिका होता. तंबूत बुखारी असते, रॉकेलवरची लोखंडी शेगडी. तिचा धूर वाईट. नियम आहे, शेवटी जागा असेल त्यानं ती विझवायची, पडद्याला वीतभर फट ठेवायची, मगच बाहेर पडायचं. त्या रात्री शेवटी जागा मी. भिका म्हणाला, आज राहू दे रे, माझी बोटं कामातून गेलीत. मी म्हटलं, राहू दे. वारा आत येत होता म्हणून फट पण बुजवली. पडदा बाहेरून बांधला. पक्की गाठ मारून. मला वाटलं, दोस्ताचं भलं करतोय."

नानांनी खिडकीची कडी वर केली, खाली केली.

"पहाऱ्यावर वळून वळून बघायचो मी तंबूकडे. आत कंदिलाचा पिवळा उजेड. त्या चित्रात आहे ना, असाच. मनात म्हणायचो, झोपलाय लेकाचा मस्त. पाळी संपली तरी आत गेलो नाही, चौकीतच पडलो. त्याची झोप मोडेल म्हणून! सकाळी गेलो. गाठ मीच सोडली. माझ्याआधी कुणी पोचलं असतं, तर गाठ बाहेरून आहे हे त्याला दिसलं असतं. कुणी पोचलं नाही."

"मग?"

"मग साहेबांनी विचारलं, पडदा कुणी बांधला? मी म्हटलं, त्यानंच बांधला असेल."

"मेलेल्या माणसावर घातलंत?" कमलताईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"घातलं. आणि त्याची पेटी घेऊन तुमच्या दारात मीच आलो. तुझे सासरे माझा हात धरून विचारायला लागले, कसा गेला माझा पोरगा? काय सांगू? कोंडून मारला म्हणून सांगू? माझी जागा मी त्याला दिली, ताई. त्याला पहाऱ्यावर उभा केला न् मी तंबूत जाऊन झोपलो. वाटलं, मान तरी मिळेल त्याला. एकदा सांगितलं आणि मग ती गोष्टच झाली. लोक रडायचे. मी सांगत गेलो. आज त्या पोरीनं लिहिलं ना, शिक्षा दिली, तोंड दाखवत नाही... मला वाटलं, हिला कुणी सांगितलं?"

मी खाली बघितलं. खिडक्यांचं सगळं मला त्या क्षणी कळलं, आणि आपण त्यावर किती हसलो होतो, तेही आठवलं. वाटलं, कुणीतरी आत यावं, समोसे मागावेत, काहीही व्हावं. बाहेर मुलं रिंकूला खांद्यावर घेऊन ओरडत होती.

कमलताईंनी विचारलं, "म्हणजे ते बाहेर नव्हते?"

"नव्हता."

"थंडीत नव्हते?"

"नाही ताई. उबेत होता."

"कुडकुडले नाहीत?"

"नाही गं. झोपेतच गेला. चेहरा पण शांत होता."

"मी गोधडी घेत नाही, दादा," कमलताई म्हणाल्या.

नानांना कळलं नाही. मलाही नाही.

"तुम्ही दारात सांगितलंत ना, उभे उभे लाकूड झाले. त्या रात्रीपासून. आईनं लग्नात शिवून दिलेली गोधडी होती, पोरीवर घालायचे. मी नुसतं लुगड्यात. म्हटलं, ज्याचा नवरा बर्फात उभा राहून गेला, तिनं पांघरूण कसं घ्यावं? गावाकडची थंडी तुम्हाला माहिताय. दात वाजायचे. सासूबाई शिव्या द्यायच्या, आजारी पडशील म्हणायच्या. कुणाला सांगितलं नाही मी का ते. इथं आले तरी तेच. पोरगी मोठी झाली, विचारायची, आई, तुला थंडी नाही वाजत का? मी म्हणायचे, नाही वाजत. आणि ते उबेत होते. मग इतकी वर्षं मी कुणासाठी कुडकुडले, दादा?"

कमलताई उठल्या. पदर खांद्यावर घेतला, गुच्छ टेबलावरच ठेवला आणि तुरुतुरु चालत गेल्या. नाना तिथेच उभे होते. मी त्यांना चहा दिला. काय करणार? दुसरं सुचलंच नाही. त्यांनी तो घेतला आणि गार होईपर्यंत हातात धरून ठेवला.

त्यानंतर नाना बाकावर बसत, पण गोष्टी बंद. कॉलनीत कुणाला काही माहीत नव्हतं. लोक म्हणायचे, "नाना, भिकाची सांगा ना." नाना उठून घरात जात. पोरांना वाटायचं, म्हातारा रुसलाय. एकदा त्यांनी मला विचारलं, "बाई, त्या पोरीनं कसं ओळखलं हो?" मी म्हटलं, "नाना, ती स्वतःच रोज वर्गाबाहेर उभी असते. बाहेर उभं म्हणजे शिक्षा, एवढंच तिला ठाऊक." नाना खूप दिवसांनी हसले. "मग बराबर शे," म्हणाले.

उन्हाळ्यात ते भिकाच्या गावी जाऊन आले. भिकाचा थोरला भाऊ अजून आहे, त्याला ओसरीवर बसून सगळं सांगितलं. पडदा भिकाने बांधला नव्हता, मी बांधला होता, हे चार माणसांसमोर सांगितलं. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले ते लोक? "पाणी नाही विचारलं," नाना म्हणाले. "बरोबर केलं. मी पण नसतं विचारलं."

राखीपौर्णिमेला त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. कमलताई येणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. शेवटी न राहवून मी एक राखी घेऊन गेले. म्हटलं, "नाना, हात पुढे करा." त्यांनी हात मागे घेतला. "नको बाई. उसनी राखी नको. माझी जी होती ती होती." मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. पण घरी येऊन विचार केला, तेव्हा वाटलं की त्यांचं खरं आहे. शिक्षेत सूट मागणारा तो माणूस नव्हता. तो फक्त इतकी वर्षं शिक्षा चुकवत आला होता, आणि आता कुठे ती भोगायला बसला होता.

त्या हिवाळ्यात नाना गेले. छातीत पाणी झालं होतं, मुलगा पुण्याहून आला होता, हॉस्पिटलमध्ये सगळं रीतसर झालं. जायच्या काही दिवस आधी मी आमलीत ब्लाउज शिवायला टाकायला गेले होते, तिथे भाजीच्या गाडीपाशी कमलताई भेटल्या. मी सांगितलं, नाना अॅडमिट आहेत, बरं दिसत नाही. त्यांनी मेथीची जुडी हातात घेतली, पुन्हा ठेवली, दुसरी घेतली.

"मी नाही यायची," म्हणाल्या. "माफ केलं म्हणून सांगू नका. केलं नाहीये. होत नाही."

"नाही सांगत," मी म्हटलं.

त्यांनी पैसे दिले, पिशवी उचलली, चार पावलं गेल्या आणि परत आल्या. "एवढं सांगा. म्हणावं, परवापासून गोधडी घ्यायला लागले. झोप लागली."

मी तशीच हॉस्पिटलमध्ये गेले. नाना खिडकीजवळच्या कॉटवर होते, खिडकी अर्थात उघडी. डोळे मिटलेले. मी कानाशी वाकून कमलताईंचा निरोप सांगितला, जसाच्या तसा, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

"अजून काय म्हणाली?"

"एवढंच."

नानांनी चादर वर ओढली आणि तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. मी हात धरला तर तोही त्यांनी आत ओढून घेतला. मग चादरीतून आवाज आला.

"बरं वाटलं हो बाई," नाना म्हणाले. "आणि बरं वाटलं, ह्याचीच लाज वाटते."